रडणाऱ्या मुलाला किती गुण?

उन्हाळ्याच्या सुट्टीतली एका रविवारची गोष्ट. मिस्सा झाली, घरोघर जेवणे उरकली आणि ऊन थोडे उतरल्यावर आमच्या नांदेडच्या धर्मग्रामातील कुटुंबे चर्चमागच्या सभागृहात जमली. खिडक्यांना चादरी बांधून अंधार केला होता. मुलांना सतरंजीवर आणि मोठ्यांना खुर्च्यांवर बसवून 'नाळ' हा मराठी चित्रपट दाखवण्यात आला. चित्रपट २०१८ चा, तेव्हा पुष्कळांनी तो आधी पाहिलेला होता. तरीही शेवटी पदर आणि रुमाल डोळ्यांना लागलेच. नंतर थोडी चर्चा घडवून आणावी असे फादरांनी सुचवले आणि निवृत्त शिक्षक म्हणून ते काम माझ्याकडे आले.

चर्चा म्हणजे काय, चैत्याचे कौतुक! ही भूमिका करणाऱ्या श्रीनिवास पोकळे या मुलाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हे कुणीतरी सांगितले. "किती नैसर्गिक काम केलंय हो पोरानं!" हे वाक्य मी पाच-सहा वेळा ऐकले. लातूरहून पाहुणे आलेले एक गृहस्थ होते, त्यांनी तर निकालच जाहीर करून टाकला. "दहापैकी साडेनऊ. अर्धा गुण मी कुणालाच सोडत नसतो." सगळे हसले. तेवढ्यात सतरंजीवरून पाचवीतल्या एका मुलीने हात वर केला.

"सर, त्याला खरंच रडवलं होतं का हो?"

मी काय उत्तर दिले ते पुढे सांगतो. पण त्या प्रश्नाने मला इतके दिवस स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

गुण देण्याची आपल्या भागाला सवयच आहे. दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्यांत लातूरची नावे झळकू लागली, 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर पोचला आणि नांदेडच्या गल्ल्यांतूनही शिकवण्यांचे फलक लागले. त्या याद्या आता राहिल्या नाहीत; सवय तेवढी राहिली. मूल समोर आले की त्याला किती पडले, हे आधी मनात येते. हे वाईटच आहे असे मी म्हणणार नाही, मीही आयुष्यभर उत्तरपत्रिकाच तपासल्या. मात्र तपासणाऱ्याला एक पथ्य पाळावे लागते. उत्तर कुणी लिहिले आहे, याची खात्री करून घेतल्याशिवाय गुण द्यायचे नसतात. पडद्यावरच्या मुलाच्या बाबतीत हे पथ्य आपण पाळतो का?

'नैसर्गिक' हा आपला आवडता शब्द घ्या. भूक लागल्यावर रडणारे घरचे मूल पूर्णपणे नैसर्गिक असते, पण त्याला कुणी टाळ्या देत नाही. चित्रीकरणाची रीत तर नेमकी निसर्गाच्या उलट आहे. एकच प्रसंग चार-चार, सहा-सहा वेळा घ्यावा लागतो. प्रकाश बदलला की पुन्हा, मागून कुत्रे आडवे गेले की पुन्हा, कॅमेऱ्याची जागा बदलली की पुन्हा. मुलाने त्याच जागी पाऊल ठेवायचे, त्याच शब्दावर मान वळवायची आणि दर वेळी जणू पहिल्यांदाच पाहतो आहोत, असे पाहायचे. समोर दहा-वीस माणसे उभी असतात आणि ती नाहीतच असे धरून चालायचे. एवढ्या अनैसर्गिक खटाटोपातून जे उरते, त्याला आपण नैसर्गिक म्हणतो आणि मुलाच्या श्रमांवर सहज पाणी ओततो. म्हणजे त्याने काही केलेच नाही, ते आपोआप झाले!

शिवाय नैसर्गिकपणाचीही फॅशन असते. माझ्या पिढीने 'श्यामची आई' शाळेत पाहिला, यंत्राची खडखड ऐकत आणि मध्ये रीळ तुटले की ओरडत. आचार्य अत्र्यांचा हा १९५३ चा चित्रपट; राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला भारतीय कथापट. त्यातला श्याम माधव वझे यांनी केला, जे पुढे नाट्यदिग्दर्शक आणि नाट्यसमीक्षक म्हणून नावाजले गेले. आज माझी नातवंडे तो चित्रपट पाहताना म्हणतात, हा मुलगा पाठ केल्यासारखा बोलतो. खरे आहे. शब्द न् शब्द स्पष्ट उच्चारणे हीच त्या काळी चांगल्या अभिनयाची खूण होती. पण पोहण्याच्या भीतीने लपून बसलेला श्याम आणि त्याला फोकाने बाहेर काढणारी वनमालाबाईंची आई, हा प्रसंग पुन्हा पाहावा. त्या मुलाची भीती, राग आणि आईवरचा जीव एकाच चेहऱ्यावर आहेत आणि आपल्याला त्याची दया यावी म्हणून तो काहीही करत नाही. सत्तर वर्षांनीही ते जुने झालेले नाही.

दया मागत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. संदीप सावंत यांच्या 'श्वास'मध्ये कर्करोगामुळे एका लहान मुलाचे डोळे काढावे लागणार असतात. अश्विन चितळे या मुलाने ती भूमिका केली आणि त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एवढा करुण विषय, पण तो मुलगा रडून आपल्याला जिंकत नाही. तो चिडतो, हट्ट करतो, अंगावर ओरडतो. ज्यांनी इस्पितळात आजारी लेकराच्या उशाशी रात्री काढल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की लहान मुलाची भीती बहुधा रागाच्या रूपानेच बाहेर पडते. ते पाहून आपण आजोबांकडे, म्हणजे अरुण नलावडे यांच्याकडे वळतो आणि तेही आपले डोळे लपवत असतात. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त तर याहून कठीण काम आहे. डुकरामागे धावताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. सोमनाथ अवघडे या मुलाने ते जे न हलणे दाखवले आहे त्याला मी दहापैकी किती द्यावेत, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. १९३१ साली अमेरिकेत 'स्किपी' नावाचा एक कौटुंबिक चित्रपट निघाला. जॅकी कूपर हा आठ वर्षांचा मुलगा त्यात नायक होता. एका प्रसंगात त्याने रडायला हवे होते आणि त्याला रडू येईना. दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग हे नात्याने त्याचे काकाच लागत. त्यांनी त्या मुलाचा आवडता कुत्रा पडद्याआड नेववला आणि त्याला गोळी घातल्याचे भासवले. मुलगा हमसून हमसून रडला आणि कॅमेरा चालू होता. पुढे त्या चित्रपटासाठी टॉरोग यांना दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले आणि त्या मुलाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे नामांकन. कुत्र्याला काहीही झालेले नव्हते. पण पन्नास वर्षांनी, १९८१ मध्ये, कूपर यांनी आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याचे नाव ठेवले 'प्लीज डोन्ट शूट माय डॉग'. माझ्या कुत्र्याला मारू नका! साठीला टेकलेला माणूस आयुष्याची गोष्ट सांगायला बसतो आणि मुखपृष्ठावर आठ वर्षांच्या मुलाची ती विनवणी येते.

त्या प्रसंगात अभिनय कुणी केला? मुलाने नाही. तो खरेच रडत होता. अभिनय केला तो मोठ्या माणसांनी, गोळी घातल्याचा. मुलाचे अश्रू तेवढे पडद्यावर आले आणि त्या अश्रूंना जगाने गुण दिले. उत्तरपत्रिकेवर नाव एकाचे, अक्षर दुसऱ्याचे, असा हा प्रकार आहे. आमच्याकडे परीक्षेत असे आढळले तर पेपर रद्द होतो. इथे मात्र पारितोषिक मिळाले.

कुणी म्हणेल, "सर, परिणाम तर चांगला झाला ना? लाखो लोकांची हृदये हेलावली. आणि मुलांना आपण रडवत नाही का? लस टोचायला नेतो तेव्हा ते आनंदाने जाते का?" हा युक्तिवाद मी माझ्या मित्रांकडून ऐकला आहे आणि तो वाटतो तितका पोकळ नाही. पण लस टोचताना रडणाऱ्या मुलाचे रडणे त्याच्याच भल्यासाठी असते. उद्या ते मोठे झाल्यावर आपण त्याला सांगू शकतो, बाळा, तुझ्यासाठी केले. कूपरला ते कुणी सांगावे? त्याचे रडणे तिकीट काढून खुर्चीत बसलेल्यांच्या भल्यासाठी होते. दुसऱ्याला हुंदका यावा म्हणून लेकराला फसवणे हे, हुंदका कितीही पवित्र असला तरी, फसवणेच आहे.

यावर उपाय म्हणून मुलांना दुःखाच्या भूमिका देऊच नयेत असे कुणी सुचवले, तर ते मला पटत नाही. मुले दुःखाचे खेळ आपण होऊन खेळतात. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात प्रभू येशू बाजारात बसलेल्या मुलांचे उदाहरण देतो. ती एकदा लग्न-लग्न खेळतात, वाजंत्री वाजवतात आणि एकदा मयत-मयत खेळून शोक करतात. वर सवंगडी साथ देत नाहीत म्हणून तक्रारही करतात. तो दृष्टान्त त्या पिढीच्या हटवादीपणावर आहे, बालनाट्यावर नाही, हे मला कळते. तरीही नाझरेथच्या त्या सुताराने बाजारातून जाताना मुलांचा खेळ थांबून पाहिला असला पाहिजे, असे तो उतारा वाचताना मला दर वेळी वाटते. ती मुले शोक करतात, पण कुणी मेलेले नाही हे त्यांना पक्के ठाऊक आहे. घरून हाक आली की शोक तिथेच टाकून ती भाकरी खायला पळतील.

आपल्या नाट्यशास्त्रानेही अश्रूंना सात्त्विक भावांत बसवले आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच यांच्याबरोबर अश्रू. आणि हे सत्त्व येते कुठून, तर एकाग्र मनातून, असे भरतमुनी सांगतात. म्हणजे नटाला प्रत्यक्ष दुःख झालेच पाहिजे असे नाही. मन एका जागी लागले पाहिजे. आता अंगणात मातीच्या चुलीवर खोटा भात रांधणारी मुलगी पाहा. तिच्याइतके एकाग्र मन कुणाचे असते? मुलाजवळ अभिनयाचे भांडवल उपजतच आहे. त्याला फसवण्याची गरज दिग्दर्शकाला पडते ती बहुधा धीर नसल्यामुळे. दिवसाचे भाडे चढत असते, ऊन उतरत असते.

धीर धरता येतो, याचे एक उदाहरण मुंबईतले आहे. अमोल गुप्ते यांनी २०११ मध्ये 'स्टॅन्ली का डब्बा' हा हिंदी चित्रपट केला. तो अंधेरीच्या होली फॅमिली या आपल्या कॅथलिक शाळेत चित्रित झाला. शनिवारी आणि सुट्टीच्या दिवशी, काही तासांची अभिनय कार्यशाळा घेत घेत, वर्षाहून अधिक काळ हे काम चालले आणि त्यासाठी मुलांची शाळा बुडवली गेली नाही. डबा न आणणाऱ्या, मागाहून बालकामगार असल्याचे उघड होणाऱ्या स्टॅन्लीची ही कथा. बालमजुरीवरचा चित्रपट बालमजुरी न करवता करायचा, एवढा साधा विचार त्यामागे होता; पण किती जणांना तो सुचतो?

कायद्यालाही आता तो सुचला आहे. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी चित्रपटातल्या मुलांसाठी मर्यादा घातल्या. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही, ओळीने २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायचा. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम नाही. नियम चांगले आहेत. पण मूल किती तास उभे होते हे घड्याळ सांगते, त्याला खोटे सांगून रडवले का, हे घड्याळ सांगत नाही. (आणि आपल्या स्नेहसंमेलनांच्या तालमींना पाच तासांचा नियम लावला तर किती शाळा उत्तीर्ण होतील, हे मी विचारत नाही.)

इथे मला एक आठवण टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाट होत असताना किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडची सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या दिवसांत मदतकार्याला गेलेल्यांत मीही होतो. एका गावात, दगडांच्या ढिगाशेजारी, सहा-सात वर्षांचा मुलगा पत्र्याच्या ताटलीत भात खात बसला होता. दोन दिवसांनी पहिल्यांदा जेवत होता, असे त्याची मावशी म्हणाली. तेवढ्यात कॅमेरा घेतलेला एक माणूस आला. त्याने मुलाच्या हातातली ताटली हळूच बाजूला ठेवली, त्याला ढिगावर बसवले आणि मऊ आवाजात विचारले, "तुझी आई कुठंय रे?" मुलाने ढिगाकडे पाहिले. कॅमेरा दोनदा वाजला. माणूस दुष्ट नव्हता. त्याचेही डोळे भरलेले होते आणि त्याच्या छायाचित्राने कदाचित पुष्कळ मदतही आली असेल. मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही. ती ताटली परत मुलाच्या हातात देण्याचेही मला सुचले नाही. ते मावशीने केले. तेव्हापासून पडद्यावर रडणारे मूल दिसले की मला आधी त्याच्या हातातून काय काढून घेतले असेल, असा संशय येतो. हा संशय प्रामाणिक कलावंतांवर अन्याय करणारा आहे, हे मान्य आहे.

कारण दुसरी बाजूही आहे. 'फँड्री'च्या शेवटी जब्या जो दगड भिरकावतो, तो सरळ आपल्या दिशेने येतो. खेड्यातल्या मुलाने खेड्यातलाच अपमान पुन्हा पडद्यावर का भोगावा, असा प्रश्न मला प्रथम पडला होता. नंतर वाटले, प्रत्यक्षात तो दगड कुठल्या जब्याला टाकता येतो? खेळात तो टाकता आला. जे दुःख मूल जाणून-बुजून, दगड हातात असताना खेळते, ते त्याच्याकडून काही हिरावून घेत नाही.

हे जाणणे कोणत्या वयात येते, हा मात्र अवघड प्रश्न आहे. 'नाळ'चा पुढचा भाग २०२३ मध्ये आला. त्यातल्या तिन्ही मुलांना, श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि चिमुकली त्रिशा ठोसर यांना, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये दिल्लीला साडी नेसून पुरस्कार घ्यायला गेलेली त्रिशा सगळ्या देशाने कौतुकाने पाहिली, मीही पाहिली. इतक्या लहान वयाच्या कामात मुलाचे किती, आईबापांचे किती, धीराने वाट पाहणाऱ्या दिग्दर्शकाचे किती, हे कुठल्या परीक्षकाला वेगळे काढता येईल? माझ्या मते अशा पुरस्काराचा अर्धा भाग मोठ्यांच्या वागणुकीला असतो, आणि असावाही. उलट कूपरसारख्या प्रसंगी शून्यही मोठ्यांनाच द्यावे. मुलाला शून्य देण्याचा अधिकार मला कुठेच दिसत नाही.

२००८-०९ मध्ये 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' चालू होते, तेव्हा आपल्या लातूरचा रोहित राऊत अंतिम पाचांत पोचला होता. काय उत्साह होता! घरोघर मोबाईलवरून मते पाठवली जात होती. ती मुले मनापासून गायली आणि पुढेही गात राहिली, याचा आनंदच आहे. पण निकालाच्या रात्री कॅमेरा गाणाऱ्यापेक्षा न जिंकलेल्या मुलांच्या डोळ्यांजवळ अधिक रेंगाळला, असे मला तेव्हा वाटले होते. आणि आम्ही? आम्ही खुर्ची पुढे ओढून बसलो होतो.

मग प्रेक्षकाने पाहावे तरी काय? एक गोष्ट मी नांदेडला राज्य बालनाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी पाहताना शिकलो. एका नाटकात राजा झालेला मुलगा वाक्य विसरला. सभागृह गप्प. विंगेतून कुजबूज सुरू झाली. त्याच्यासमोर दासी म्हणून उभी असलेली मुलगी, जिला अख्ख्या नाटकात चार-दोन वाक्ये होती, पुढे झाली आणि म्हणाली, "महाराज, आपण पाण्याबद्दल काही सांगणार होतात." राजाला वाक्य आठवले, नाटक पुढे गेले. तिच्या चेहऱ्यावर आपण काही विशेष केल्याची खूण नव्हती. ती ऐकत होती, एवढेच. तिला बक्षीस मिळाले नाही. ते रडण्याचा मोठा प्रवेश असलेल्या मुलाला मिळाले. तेव्हापासून मी पडद्यावरही तेच पाहतो. दुसरा बोलत असताना हे मूल ऐकते आहे का? त्याच्या तोंडी मोठ्यांची शहाणी वाक्ये कोंबलेली आहेत का, की त्याला गप्प बसण्याची मुभा आहे? चैत्याचे काम मला आवडले ते त्याच्या रडण्यामुळे नाही. आपण दत्तक आहोत हे कळल्यावर तो आईकडे ज्या चोरट्या नजरेने पाहू लागतो, त्या नजरेमुळे. ती नजर कुणाला फसवून काढता येईल असे मला वाटत नाही.

तर त्या मुलीला मी खरे तेच सांगितले. म्हटले, "मला ठाऊक नाही, बाळ. पडद्यावरून ते कळत नाही."

ती थोडा वेळ विचार करत राहिली आणि लातूरच्या पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "मग काका, तुम्ही साडेनऊ कसे दिले?"

पाहुणे मोकळ्या मनाचे. तेच सर्वांत आधी हसले. पण निघताना जोडे घालता घालता मला म्हणाले, "सर, माझा धाकटा नाटकात आहे शाळेच्या. रडायचं काम आहे त्याला. घरी गेल्यावर विचारतो कसं शिकवतात ते."

नाताळच्या नाटकात ती मुलगी बेथलेहेमच्या धर्मशाळेची मालकीण झाली. तालमीच्या वेळी तिने मला विचारले, "मरियेला जागा नाही म्हणताना मला खरंच वाईट वाटायला पाहिजे, की वाटल्यासारखं दाखवायचं?" मी म्हटले, "तूच ठरव." नाटकाच्या रात्री तिने योसेफाला ठणकावून नाही म्हटले आणि पुठ्ठ्याचे दार लावले. मग ते बोटभर उघडून ती दोघे कुठे जातात, ते पाहत उभी राहिली. ते तिला कुणी सांगितलेले नव्हते.